कूलंट आटत नाही, कुठेतरी जातं: पिकअपचं कूलंट तपासणं आणि भरणं

डिझेल जळतं, टायर झिजतात, जुन्या इंजिनात ऑइलही थोडंफार जळतं. कूलंटचं तसं नसतं. इंजिन, रेडिएटर आणि त्यांना जोडणारे होज पाईप अशा बंद वाटेवरून ते फिरत राहतं. सगळं ठीक असेल तर सहा महिन्यांनी बघितलं तरी पातळी बोटभरच खालीवर झालेली दिसते. तेव्हा महिन्याला अर्धा लिटर टाकावं लागत असेल तर 'गाडी पाणी पिते' म्हणून सोडून देऊ नये. ते अर्धा लिटर एकतर बाहेर गळतंय, नाहीतर आत जळतंय. भरायला दहा मिनिटं लागतात. खरा वेळ ते गेलं कुठे हे शोधण्यात जातो, आणि तो द्यावाच लागतो.

आधी एक नेहमीचा प्रश्न. गोव्यात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला? 'उदक घाल आणि चल' म्हणणारे पेडण्यापासून काणकोणापर्यंत भेटतात. डब्यावर 'अँटीफ्रीझ' छापलेलं असतं, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो. बर्फाशी आपला संबंध नाही हे खरंच आहे. आपल्याला त्याचे दुसरे दोन गुण हवे असतात.

पहिला गुण म्हणजे ते उशिरा उकळतं. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण आत साधारण ०.९ ते १.१ बार जादा दाब धरून ठेवतं, आणि दाब वाढला की उकळायला जास्त तापमान लागतं. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत तग धरतं. त्यात निम्मं एथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मुख्य द्रव असेल, तर आणखी सात-आठ अंश हाताशी येतात. मालीमहून मासळी भरून बेळगावला निघालेली पिकअप केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागते तेव्हा ती दुसऱ्या गिअरमध्ये असते, वेग वीस-पंचवीस, इंजिन जोरात फिरतंय आणि समोरून वारा जवळपास नाहीच. घाटमाथा सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून उघडं पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. अशा वेळी ते सात-आठ अंशच कामाला येतात.

दुसरा गुण गोव्यासाठी जास्त मोलाचा आहे, तो म्हणजे गंजापासून बचाव. बऱ्याच पिकअपमध्ये इंजिनचा ब्लॉक बिडाचा, हेड (ब्लॉकवर बसणारा वरचा भाग) आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचे असतात. वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडाले की त्यांच्यात बारीकशी बॅटरीच तयार होते आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू, इथे अॅल्युमिनियम, खाल्ला जातो. कूलंटमधली रसायनं धातूवर पातळ थर धरून हे थांबवतात. साध्या पाण्यात ती नसतात. त्यात किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, आणि त्यातलं मीठ अॅल्युमिनियमला बारीक भोकं पाडतं. त्या बांयचं पाणी कळशीने रेडिएटरमध्ये ओतणं म्हणजे रेडिएटर हप्त्याहप्त्याने भंगारात घालणं. डिझेल इंजिनात ज्वलनाच्या धक्क्यांनी लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि धातूचे कण उडवतात. काही वर्षांत लायनरला टाचणीएवढं आरपार भोक पडू शकतं. चांगलं कूलंट तेही रोखतं.

नुसतं पाणी टाकत राहिल्याने काय होतं ते आकड्यात बघा. समजा पूर्ण व्यवस्थेत ८ लिटर मावतं आणि सुरुवातीला निम्मं कूलंट, निम्मं पाणी होतं. २ लिटर गळालं, तुम्ही २ लिटर पाणी टाकलं. कूलंटचं प्रमाण ५० टक्क्यांवरून साडेसदतीसवर आलं. पुन्हा तेवढंच गळालं, तेवढंच पाणी टाकलं, की २८ टक्के. तिसऱ्यांदा २१. रंग अजून हिरवाच दिसतो, फक्त फिका. रंगद्रव्य थोडं असलं तरी डोळ्याला भरपूर वाटतं, त्यामुळे रंगावरून ताकद मोजता येत नाही. ती मोजायला कूलंटचा वेगळा हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर लागतो. बॅटरीचा हायड्रोमीटर चालत नाही, कारण त्याची मोजपट्टी अॅसिडसाठी असते.

आता बाटली. बॉनेटखालच्या पांढुरक्या प्लास्टिकच्या बाटलीकडे बघून बहुतेक जण निकाल देतात. पण बाटल्या दोन जातींच्या असतात, आणि आपली कुठली हे माहीत नसेल तर फसगत होते.

पहिल्या जातीत दाब धरणारं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाटली नुसती साठवणीची. तिचं झाकण हाताने सहज निघतं, आत दाब नसतो. इंजिन तापलं की कूलंट फुगतं, जादा भाग झाकणाच्या स्प्रिंगला ढकलून बारीक नळीतून बाटलीत येतो. इंजिन थंड झालं की आत पोकळी तयार होते आणि झाकणातली दुसरी, छोटी झडप उघडून तेच कूलंट परत खेचलं जातं. ही छोटी झडप अडकली किंवा नळीला चीर गेली तर कूलंटऐवजी हवा आत जाते. बाटली 'मॅक्स'पर्यंत भरलेली आणि रेडिएटर मात्र लिटर-दीड लिटर रिकामा, ही अवस्था त्यातूनच येते. म्हणून या जातीच्या गाडीत अधूनमधून रेडिएटरचं झाकण उघडून बघायला पर्याय नाही.

दुसऱ्या जातीत रेडिएटरवर झाकणच नसतं. दाब धरणारं जाड चुडीचं झाकण बाटलीवरच असतं आणि तिला दोन-तीन जाड पाईप जोडलेले असतात. इथे बाटलीतली पातळी हीच खरी पातळी. पण इथे बाटली गरम असताना उघडणं रेडिएटर उघडण्याइतकंच घातक आहे, हे साठवणीच्या बाटलीची सवय झालेले हात विसरतात. ज्या छोट्या गाड्यांत इंजिन सीटखाली असतं त्यांत बाटली आडोशाला असते आणि महिनोन्‌महिने कुणी तिच्याकडे बघत नाही.

तपासणी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी करावी. रात्रभर उभी असेल तर उत्तम. नाहीतर बंद केल्यावर निदान दोन-तीन तास जाऊ द्यावेत. जागा सपाट हवी. अंगणाच्या उतारावर नाक वर करून उभ्या गाडीची पातळी खोटी दिसते. जुनी बाटली पिवळी पडून आतलं दिसत नसेल तर मोबाईलचा टॉर्च मागून धरा आणि बाटली हलकेच हलवा. आतला द्रव डुलताना रेषा दिसते. प्लास्टिकवर आतून बसलेला डाग आणि खरी पातळी यांत गल्लत होते, ती हलवल्याने टळते. थंड इंजिनात पातळी 'मिन' आणि 'मॅक्स'च्या मध्ये असली की झालं. काठोकाठ भरू नये. तापल्यावर फुगायला जागा लागते, नाहीतर जादा कूलंट रस्त्यावर सांडतं आणि उगाच गळतीचा संशय येतो.

मग रेडिएटरचं झाकण. वरचा जाड होज हाताने दाबून बघा. तो गार आणि मऊ लागला तरच पुढे जा. झाकणावर जाड फडकं ठेवा, तोंड बाजूला घ्या, पाव फेरा फिरवून पहिल्या खाचेवर थांबा. फुस्स आवाज आला तर तो पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा. मग खाली दाबून उरलेला फेरा. एवढी सावधगिरी का? आत ११० अंशांचं कूलंट फक्त दाबामुळे द्रव राहिलेलं असतं. झाकण उघडलं की दाब एका क्षणात जातो, त्यातला काही भाग तिथल्या तिथे वाफ होतो आणि उरलेलं उकळतं पाणी घेऊन उसळतो. गॅरेजमध्ये हात-तोंड भाजण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

झाकण निघालं की तीन गोष्टी बघायच्या. पातळी: मानेपर्यंत, म्हणजे झाकण बसतं त्या तोंडापर्यंत, आतल्या नळ्या बुडालेल्या हव्यात. रंग: हिरवा, गुलाबी, नारिंगी, निळा काहीही असो, स्वच्छ आणि पारदर्शक हवा, विटकरी गढूळ दिसलं तर गंज सुरू आहे. आणि तवंग: बोट बुडवून दोन बोटांत चोळा. चांगलं कूलंट किंचित बुळबुळीत लागतं. तेलाचा तवंग किंवा दुधाळ चिकट मळी असेल तर ऑइल कूलर किंवा हेड गॅसकेटचा (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचा) संशय धरा आणि भरण्याच्या भानगडीत न पडता गाडी गॅरेजला न्या. झाकणही उलटं करून बघून घ्या: रबर कडक झालेलं नको, मधली छोटी झडप नखाने ओढली की उघडून परत बसायला हवी. झाकणावर दाबाचा आकडा असतो, ०.९ किंवा १.१. बदलताना तोच आकडा घ्या. कमी दाबाच्या झाकणाने कूलंट लवकर उकळतं, जास्त दाबाच्या झाकणाने जुना होज किंवा रेडिएटरचा सांधा फुटतो. सकाळी वरचा होज आत चपटा ओढला गेलेला दिसला तर छोटी झडप किंवा बाटलीची नळी तुंबली आहे असं समजा.

दुकानात कूलंट घेताना डबा उलटून बारीक अक्षरं वाचा. एक प्रकार तयार मिश्रणाचा, 'रेडी टू यूज' लिहिलेला. त्यात पाणी घालायचं नाही. दुसरा कॉन्सन्ट्रेट, तो पाणी घालूनच वापरायचा. दोन्हींचे डबे सारखेच दिसतात आणि गोंधळ इथेच होतो. तयार मिश्रणात पुन्हा निम्मं पाणी घातलं तर ताकद २५ टक्क्यांवर येते. उलट कॉन्सन्ट्रेट तसाच ओतणं म्हणजे 'जास्त चांगलं' असंही नाही. ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची कुवत पाण्याहून बरीच कमी आहे, त्यामुळे नुसत्या कॉन्सन्ट्रेटवर इंजिन जास्त तापतं. प्रमाण गाडीच्या पुस्तकातलं धरा. बहुतेक ठिकाणी ते निम्मं-निम्मं असतं. पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड घ्या, म्हणजे पेट्रोल पंपावर 'बॅटरीचं पाणी' म्हणून मिळतं ते.

रंगावर जाऊन जात ठरवू नका. रंगाचा असा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. हिरवं बहुधा जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालं असतं आणि साधारण दोन वर्षांत बदलावं लागतं. गुलाबी-नारिंगी बहुधा सेंद्रिय आम्लांवर चालणारं, पाच वर्षांपर्यंत टिकणारं. पण 'बहुधा' हा शब्द इथे महत्त्वाचा. दोन जाती मिसळल्या तर कधी गाळ धरतो, आणि नाही धरला तरी लांब टिकणाऱ्याचं आयुष्य कमी होतंच. आत काय आहे ते माहीत नसेल आणि थोडंच कमी असेल तर डिस्टिल्ड पाणी टाका. बरंच कमी असेल तर सगळं काढून नवं भरणं चांगलं.

भरताना घाई नको. फनेल लावून बारीक धारेने ओता. घाईने ओतलं की हवा आत अडकते, आणि हवेचा गोळा हेडच्या वरच्या भागात बसला तर तिथला धातू कोरडा तापतो. मानेपर्यंत भरून झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू करा आणि आयडलवर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे त्याच्या वाटेतही कूलंट फिरेल. सुरुवातीला वरचा होज गारच राहील, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, बंद आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडतो, होज झपाट्याने तापतो, मानेतली पातळी अचानक खाली जाते आणि बुडबुडे येतात. ती जागा भरा, बुडबुडे थांबले की झाकण घट्ट लावा, बाटली मध्यापर्यंत भरा. ज्यांची बाटलीच दाबाची आहे त्यांनी पुस्तकातली हवा काढायची रीत पाळावी. काही इंजिनांना त्यासाठी वेगळा स्क्रू असतो. पंखा फिरतोय, पट्टा फिरतोय, म्हणून बाही आणि गळ्यातला गमछा जपून. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पातळी पुन्हा बघा. हवा निघून ती थोडी उतरलेली असते, तेवढी भरली की झालं.

आता गेलं कुठे? रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सारून ठेवा. सकाळी त्यावरचे डाग बघा. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं. गोव्याच्या दमट हवेत ते भरपूर गळतं, त्याने घाबरू नका. ऑइल काळं किंवा पिवळट, वाळत नाही. कूलंट रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचं. पुठ्ठा कोरडा पण पातळी उतरतेय, तर वाळलेले माग शोधा: होजच्या क्लिपांभोवती, रेडिएटरच्या अॅल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या सांध्यावर, वॉटर पंपच्या पोटातल्या बारीक भोकाखाली. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर येतं. तिथे पांढरा-हिरवा क्षार साचलेला दिसला तर पंपाचे दिवस भरले. भोक एमसीलने बुजवून गाडी चालवणारेही असतात. मग बेअरिंग जातं आणि पंप पट्ट्यासकट बसतो.

बाहेर कुठेच माग नाही तर आत बघावं लागतं. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो? कूलंट तापायच्या आधी दाब आला, म्हणजे सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय, हेड गॅसकेट गेलं. उघड्या मानेत बुडबुडे थांबतच नाहीत, धूर पांढरा आणि गोडसर, ऑइलच्या डिपस्टिकवर दुधाच्या चहाचा रंग, ही सगळी त्याचीच भावंडं. एक अपवाद लक्षात ठेवा. पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर ऑइल भरायच्या झाकणाखाली फिकट साय जमते. ती दमट हवेची असू शकते. डिपस्टिक स्वच्छ असेल तर हेड उघडायची घाई करू नका. नव्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलरही (इंजिनात परत जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग) आतून फुटतो, कूलंट थेट धुराच्या वाटेला लागतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही.

कधी कूलंट पूर्ण असतं, गळत काही नाही, तरी गाडी तापते. मग रेडिएटरच्या जाळीत डोकवा. डिचोली-साखळीकडच्या लाल धुळीचा पावसात चिखल होतो आणि पत्र्यांच्या फटी बुजतात. किनाऱ्यावर खारा वारा तेच पत्रे कुरतडतो. बोट लावलं की ते पापडासारखे चुरतात. जाळी इंजिनच्या बाजूने पुढे अशी, साध्या नळाच्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पत्रे आडवे होतात आणि वाट कायमची बंद.

घाटातच काटा वर चढायला लागला तर एसी बंद, हीटर असेल तर पूर्ण चालू, आणि जागा मिळताच बाजूला. काटा नुसता वर आहे, वाफ नाही, कूलंट सांडलेलं नाही, तर इंजिन आयडलपेक्षा थोडं वर दोन-चार मिनिटं चालू ठेवल्याने पंप आणि पंखा चालू राहून ते निवतं. वाफ दिसली किंवा काटा लालमध्ये गेला तर लगेच बंद. चढलेला काटा एकदम खाली पडला तर बरं वाटून घेऊ नका. सेन्सर द्रवात बुडालेला असतो. कूलंट संपलं की तो वाफेत लोंबकळतो आणि चुकीचं दाखवू शकतो. बॉनेट उघडा, झाकणाला हात लावू नका, निदान अर्धा-पाऊण तास थांबा. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही फिरू शकतो, हात दूर. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेडला तडा जातो किंवा ते वाकतं, मग गॅसकेटचा खर्च तरी स्वस्त वाटेल. गार झाल्यावर मात्र जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते थोडंथोडं घाला. पावसाळ्यात घाटातल्या झऱ्याचंही वेळ मारून न्यायला चालतं. खाली आलात की ते काढून, आतून धुऊन, योग्य मिश्रण भरा.

काढलेलं कूलंट गटारात, व्हाळात किंवा माडाच्या मुळाशी ओतू नका. ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडक्यानेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. मुलांनाही तोच धोका. पाण्याच्या किंवा सोड्याच्या बाटलीत ते कधीच साठवू नये. कुणाच्या पोटात गेलंच तर लक्षणांची वाट न बघता डबा सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा. जुनं कूलंट झाकणबंद कॅनमध्ये भरून, जळक्या ऑइलमध्ये न मिसळता, घेणाऱ्या गॅरेजला द्या.

भरून झालं की बाटलीवर कागदी पट्टी चिकटवा आणि मार्करने लिहा: तारीख, किलोमीटर, कुठलं कूलंट, तयार मिश्रण की कॉन्सन्ट्रेट, आणि किती मिलिलिटर घातलं. पुढच्या वेळी बॉनेट उघडेल तेव्हा तो माणूस दुसराच असू शकतो.